कॅज्युअल्टीतला मनोरुग्ण नक्की कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्री दीडच्या सुमाराला सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, छातीत दुखणारा माणूस आला, तर पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. ईसीजी निघतो, मेडिसिनचा निवासी डॉक्टर खाली उतरतो, रुग्ण आयसीयूत तरी जातो नाहीतर दुसरीकडे रेफर तरी होतो. त्याच वेळी तीन रात्री डोळ्याला डोळा न लागलेला, कुणीतरी आपल्याला मारायला टपले आहे या भीतीने घरच्यांवर विळा उगारलेला तरुण आला तर? केसपेपर निघतो. एक इंजेक्शन दिले जाते. मनगटाला गॉजची पट्टी बांधून ट्रॉली भिंतीकडेला सरकवली जाते आणि आईला सांगितले जाते, ‘सकाळी ओपीडीत दाखवा.’ ती सकाळ रविवारची असली तर सोमवारपर्यंत तो तिथेच.

खाटा नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, हे उत्तर लगेच मिळते आणि ते खोटे नाही. ३६ जिल्ह्यांच्या महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली. नांदेडहून पुण्याला रुग्ण न्यायचा तर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पण मानसोपचार विभागात रोज हे काम करताना आम्हाला दिसते ते असे की, कॅज्युअल्टीतला मनोरुग्ण बहुतेक वेळा केवळ खाटेअभावी ताटकळत नाही. कॅज्युअल्टी आणि वॉर्ड यांच्या मधल्या तासांत तो कुणाच्याच नावावर नसतो, म्हणून ताटकळतो.

मेडिसिनवाले म्हणतात, ‘सायकची (मानसोपचाराची) केस आहे.’ मानसोपचाराचे डॉक्टर ऑन कॉल असतात, ते फोनवर सांगतात, ‘आधी मेडिकल फिटनेस घ्या.’ फिटनेस द्यायचा मेडिसिननेच, आणि त्यांच्या वॉर्डात तेव्हा तीन जण अत्यवस्थ. मनोरुग्णालयाला फोन लावला तर नातेवाईक सोबत आहेत का, आधार कार्ड आहे का, कोर्टाची ऑर्डर आहे का, अशी विचारणा होते. पाळी बदलते. नवीन सीएमओ (कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी) केसपेपर उलटतो, ‘सायक रेफरन्स दिला आहे’ हे आधीच्या डॉक्टरचे वाक्य वाचतो आणि त्याखाली ‘रेफरन्स अवेटेड’ लिहितो. दोन दिवसांत अशा पाच-सहा ओळी जमा होतात. त्यातली एकही ओळ उपचाराची नसते.

‘फिटनेस’ हा शब्दच घोटाळ्याचा आहे, कारण त्यात नक्की काय तपासायचे हे कुठे लिहिलेले नसते. मग एका डॉक्टरला सीटी स्कॅन हवा असतो आणि दुसऱ्याला नाडी पाहिली तरी पुरते. वागणूक बिघडलेल्या प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, ताप, श्वासाची गती, ऑक्सिजन आणि बोटाला सुई टोचून साखर, इतके आल्या आल्या व्हायला हवे. दहा मिनिटांचे काम आहे. साखर ४० पर्यंत खाली आलेला मधुमेही बरळतो, अंगावर धावून जातो. लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या बाईचे सोडियम ११५ वर उतरले की ती घरातल्यांना ओळखेनाशी होते. ताप असून वागणे बदलले असेल तर मेंदूज्वर आणि मेंदूचा मलेरिया आधी नाकारावा लागतो. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्या, आधी मनाचा कोणताही आजार नसलेल्या माणसाला पहिल्यांदाच असे झाले, तर कारण शरीरात आहे असे धरूनच चालावे. नसलेली माणसे, किडे, जनावरे दिसणे, सकाळी बरा आणि संध्याकाळी भ्रमिष्ट असणे, वार आणि जागा न सांगता येणे, या खुणा शारीरिक बिघाडातून आलेल्या भ्रमाच्या आहेत. असा रुग्ण मनोरुग्णालयात पाठवला तर दगावू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी. दहा वर्षे स्किझोफ्रेनियाचे उपचार घेणारा, महिनाभर गोळ्या सोडल्यामुळे पुन्हा आवाज ऐकू येऊ लागलेला रुग्ण आला. डोक्याला मार नाही, ताप नाही, नाडी-रक्तदाब ठीक, शुद्ध स्वच्छ. त्याला सीटी स्कॅनच्या रांगेत सहा तास बसवण्यात काही अर्थ नाही. दोन्ही विभागांनी सही केलेला एक पानाचा तक्ता कॅज्युअल्टीच्या टेबलावर काचेखाली ठेवला, तर हे रात्री तीन वाजताचे वाद मिटतील.

आता इंजेक्शनबद्दल, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

सुईच्या आधी बोलणे. रुग्णाशी एकानेच बोलावे, दोन हात अंतर राखून, त्याची दाराकडची वाट मोकळी ठेवून. पाणी विचारावे, जेवलास का विचारावे. चार मामा (वॉर्डबॉय) आणि दोन पोलिसांनी घेरले की घाबरलेला माणूस आणखी घाबरतो आणि हात उचलतो. बोलण्याने थोडा सावरला तर तोंडाने गोळी घेतो : लोराझेपाम २ मिलिग्रॅम किंवा जिभेवर विरघळणारी ओलान्झापिन १० मिलिग्रॅम. गोळी नाकारली आणि धोका समोर दिसत असला तर हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम, दोन्ही स्नायूत. वृद्धाला मात्रा निम्मी किंवा त्याहून कमी. शक्य तिथे ईसीजी आधी. इंजेक्शननंतर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, रक्तदाब पाहायचा. दारू प्यालेल्या माणसाला गुंगीचे औषध दिले असेल तर श्वासावरून नजर हलवायची नाही. ओलान्झापिनचे इंजेक्शन आणि लोराझेपामचे इंजेक्शन एकत्र द्यायचे नाही. लोराझेपामचे अॅम्प्यूल फ्रिजमध्ये लागते. कॅज्युअल्टीचा फ्रिज बंद, म्हणून डायझेपाम स्नायूत दिले जाते, आणि ते कधी नि किती शोषले जाईल याचा भरवसा नसतो.

प्रोमेथाझिन संपलेले असते तेव्हा नुसते हॅलोपेरिडॉल दिले जाते. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर खिळतात, जीभ बाहेर येते, जबडा आखडतो. तो पूर्ण शुद्धीवर असतो, सगळे ऐकत असतो, फक्त बोलू शकत नाही. नातेवाईकांना वाटते बाहेरची बाधा झाली. कॅज्युअल्टीत नवीन असलेल्या डॉक्टरला वाटते फिट आली किंवा धनुर्वात झाला, आणि रुग्ण आणखी एका रुग्णालयाच्या वाटेला लागतो. प्रत्यक्षात हा औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तेच पाच-दहा रुपयांचे प्रोमेथाझिन दिले की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. त्या अर्ध्या तासाच्या वेदनेची आणि भीतीची आठवण मात्र राहते, आणि पुढे तो गोळ्या का घेत नाही याचे उत्तर पुष्कळदा तिथे सापडते.

बांधण्याबद्दलही स्पष्टच लिहितो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे रुग्णाला बांधता येते ते तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कमीत कमी वेळ, आणि नोंद करून. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवावे लागते. कर्मचारी कमी आहेत हे कारण कायद्याला चालत नाही. साखळदंड तर कलम ९५ ने पूर्ण बंद केले. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळीने जखडलेले २८ जण पळू शकले नाहीत, जळून गेले. कॅज्युअल्टीत साखळी नसते, गॉजची सुरगाठ असते. रुग्ण हात ओढतो तशी ती आवळत जाते. तासाभराने मनगटाखाली हात सुजतो, बोटे गार पडतात, नखे निळसर दिसू लागतात, आणि अंगावर चादर असल्यामुळे हे कुणाला दिसत नाही. बांधणे टळतच नसेल तर रुंद, आतून मऊ असा कापडी पट्टा हवा. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. गाठ ट्रॉलीच्या मुख्य सांगाड्याला मारायची, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नाही, कारण कुणी कठडा खाली केला की खांदा हिसकला जातो. डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, नाहीतर गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते. दर १५ मिनिटांनी बोटे पाहायची, दर दोन तासांनी एकेक हात-पाय सोडून हलवायचा, पाणी आणि लघवीचे भांडे स्वतःहून विचारायचे. जो बांधलेला आहे तो उठून मागायला येऊ शकत नाही, हे कामाच्या घाईत विसरले जाते.

ताटकळण्याचे आणखी एक नुकसान कोणत्याच कागदावर येत नाही. अॅडमिशनचा नंबर पडत नाही तोवर बहुतेक ठिकाणी रुग्णाचे जेवण लागत नाही आणि घरच्या गोळ्याही बंद राहतात. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचे औषध ४८ तासांपेक्षा जास्त चुकले तर पूर्वीच्या मात्रेवर एकदम परतता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावे लागते. म्हणजे दोन दिवसांच्या ट्रॉलीची किंमत दोन-तीन आठवडे. लिथियम घेणाऱ्याला उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही की रक्तातले लिथियम वाढते, हात थरथरतात, पावले अडखळतात. ते आजाराचेच लक्षण समजून आणखी गुंगीचे औषध टोचले जाते. आणि जो मुळीच बोलत नाही, खात नाही, दिला त्या स्थितीत हात ठेवून बसतो, त्याच्याकडे तर कुणी फिरकतही नाही, कारण तो त्रास देत नाही. हा कॅटाटोनिया. लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम दिल्यावर असा रुग्ण कधी कधी तासाभरात पाणी मागतो. न दिल्यास शरीरातले पाणी आटून त्याचे मूत्रपिंड धोक्यात येते. ‘नाटक करतोय’ हे शब्द आम्ही अशाच रुग्णांबद्दल सर्वांत जास्त ऐकतो.

दारूच्या बाबतीत वेळ उलटी मोजायची असते. शेवटचा पेला घेतल्यापासून साधारण ४८ ते ९६ तासांत कंप, घाम, भास आणि बेभानपणा उफाळतो. हाड मोडले म्हणून ऑर्थोत दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो, सलाईन उपटतो आणि ‘सायक’ ठरून पुन्हा खाली पाठवला जातो. दाखल होताना ‘शेवटची दारू कधी?’ हा एक प्रश्न विचारला असता तर ते टळले असते. आणि अशा माणसाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचे (बी-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन द्यायचे. क्रम उलटला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्यांची गत वेगळी. त्यांना पोटाच्या नळीपासून व्हेंटिलेटरपर्यंत सगळे मिळते. विष उतरले की घरी सोडले जाते, मानसोपचाराची वेळच येत नाही. वास्तविक रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे पुन्हा प्रयत्न होण्याच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात. नातेवाईक घाईने ‘डामा’ (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याचे) लिहून नेतात, कारण पोलीस केसची भीती. ती भीती आता निराधार आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरायचे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतेच वेगळे कलम आहे. एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते ती नोंद म्हणून. हे वाक्य कॅज्युअल्टीतल्या कुणीतरी आईबापांना बसवून सांगितले पाहिजे.

उंदीर मारण्याच्या पेस्टबद्दल विशेष लिहायला हवे. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूब खाल्लेली मुलगी पहिल्या दिवशी उलट्या थांबल्या की हसतबोलत असते. ‘बरी आहे, नेतो’ म्हणून घरी नेतात. यकृताचे नुकसान दिसू लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. म्हणून किमान तीन दिवस रोज यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या करत ठेवायचे. ते तीन दिवस तिच्याशी बोलण्यासाठीही वापरायचे. त्या काळात तिची खाट खिडकीपासून लांब, सिस्टरच्या टेबलासमोर, उशाला ओढणी किंवा चार्जरची वायर नाही, इतकी व्यवस्था कोणत्याही वॉर्डात होऊ शकते. सोडताना घरातले कीटकनाशक कुलपात ठेवायला सांगायचे, गोळ्या महिन्याच्या न देता आठवड्याच्या द्यायच्या, सात दिवसांच्या आत परत बोलावण्याची तारीख लिहून द्यायची आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा विनाशुल्क क्रमांक केसपेपरवर ठळक लिहायचा.

कायदा आडवा येतो, अशी तक्रार आम्ही सहकाऱ्यांकडूनच ऐकतो. २०१७ चा कायदा वाचला तर तो वाट मोकळी करतो असे दिसते. कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे कॅज्युअल्टीतला एमबीबीएससुद्धा, जीव वाचवण्यासाठी किंवा स्वतःला-इतरांना होणारी गंभीर इजा रोखण्यासाठी तातडीचा उपचार सुरू करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. मुदत ७२ तास किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत (मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेत) तपासणी होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल ते. त्या आस्थापनेपर्यंत पोहोचवणे हासुद्धा त्या उपचाराचाच भाग आहे. ही ७२ तासांची तरतूद उपचारासाठी आहे, ट्रॉलीवर थांबवण्यासाठी नाही.

कोर्टाची ऑर्डर ही १९८७ च्या जुन्या कायद्याची सवय. आताच्या कलम ८९ खाली प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचे : एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. हे कागद कॅज्युअल्टीतच तयार होऊ शकतात. बाई किंवा अल्पवयीन असेल तर कायद्याने नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाला तीन दिवसांत, इतरांचे सात दिवसांत कळवायचे. ‘मला दाखल करून घ्या’ म्हणून जो स्वतः आला आहे आणि ज्याला आपण काय म्हणतो ते कळते, त्याला कलम ८६ नुसार नातेवाईक आणायला सांगता येत नाही. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात आणायचे, लॉकअपमध्ये ठेवायचे नाही, बेवारस असेल तर हरवल्याची नोंद करायची, हे कलम १०० मध्ये आहे. तिथून पुढे तपासणीची जबाबदारी त्या रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. आणि कलम २१ स्वच्छ सांगते की तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच, त्याच दर्जाची मिळाली पाहिजे. तरीही ‘खासगी गाडी करा’ हे वाक्य मनोरुग्णांच्या नातेवाइकांनाच ऐकावे लागते. सुमोच्या मागच्या सीटवर दोन मामांच्या मध्ये, हात बांधून, सहा-सात तास. वाटेत गुंगी वाढली तर श्वास पाहणारे कुणी नाही.

आमच्या मागण्या नव्या इमारतीच्या नाहीत. ती हवीच, पण तिची वाट पाहत हे लांबणीवर टाकू नये. मानसोपचाराचा रुग्ण आल्यापासून त्याच्या केसपेपरवर एका डॉक्टरचे नाव असावे आणि पाळी बदलताना ते नाव नव्या डॉक्टरच्या सहीशिवाय बदलू नये. जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीजवळची एक शांत खोली, दोन खाटा, आतून कडी न लागणारे दार, जमिनीला पक्के केलेले टेबल आणि पंख्याला जाळी, एवढे मिळाले तर तिथे ७२ तासांचे खरे उपचार होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मनोरुग्णालयात पाठवावेच लागत नाही. प्रोमेथाझिन, हॅलोपेरिडॉल, लोराझेपाम आणि थायमिन हे कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये अॅट्रोपिनच्या शेजारी असावेत आणि रोज मोजले जावेत. मानसोपचाराचे डॉक्टर नसलेल्या रात्री व्हिडिओ कॉलवर रुग्ण पाहण्याची लेखी सोय असावी. समाजसेवा अधीक्षकाची एक पाळी रात्रीची असावी, कारण नातेवाईक शोधणे, कागद करणे आणि मनोरुग्णालयाशी बोलणे यातच निम्मी रात्र जाते आणि ते काम आज सिस्टरच्या गळ्यात पडते.

यातले सगळ्यात स्वस्त काम शेवटी लिहितो. इंग्लंडमध्ये कॅज्युअल्टीतला रुग्ण चार तासांत मार्गी लागला की नाही, याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. तिथेही मनोरुग्ण ताटकळतात, पण किती ताटकळले ते लोकांना कळते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, केवळ मनोरुग्णालयात जागा नाही म्हणून रुग्णांना इतर रुग्णालयांत अडकवून ठेवणे बेकायदा ठरवले. आपल्याकडे हा वेळ मोजलाच जात नाही, त्यामुळे तो विधानसभेत विचारताही येत नाही. कॅज्युअल्टी रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवावेत : मानसोपचाराच्या डॉक्टरने रुग्ण प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर किती वाजता पाहिला, आणि रुग्णाने कॅज्युअल्टी किती वाजता सोडली. महिन्याअखेरीस त्याची बेरीज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या बैठकीत मांडावी. नवे रजिस्टर छापून येईपर्यंत हे दोन रकाने पट्टीने रेघ ओढून उद्यापासूनही करता येतील.

आपले,
सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत काम करणारे काही परिचारिका, समाजसेवा अधीक्षक आणि निवासी डॉक्टर